रिकामा रकाना आणि शून्य

साहित्याच्या अध्यापकाला आयुष्यभर दोन प्रकारची मूल्यमापने करावी लागतात. एक साहित्यकृतीचे आणि दुसरे विद्यार्थ्याच्या कामाचे. पहिल्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मर्ढेकरांच्या ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) पासून रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) पर्यंत आपण मूल्य, निकष, वस्तुनिष्ठता या संज्ञांची कसून चिकित्सा केली. दुसऱ्या मूल्यमापनाविषयी मात्र आपण जवळजवळ मौन पाळतो. ते काम विद्यापीठाच्या परिपत्रकावर, परीक्षा विभागाच्या तक्त्यावर आणि अलीकडच्या काळात संगणकावर सोपवून आपण मोकळे होतो. गुण देताना आपण परीक्षक असतो, परंतु दिलेल्या गुणांची बेरीज करताना आपण केवळ कारकून असतो, अशी आपली समजूत आहे. गुणदानात मतभेद संभवतात, बेरजेत ते संभवत नाहीत, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्याचा प्रयत्न मी येथे करणार आहे. विषय तांत्रिक वाटेल; परंतु तो तंत्रज्ञांपेक्षा आपलाच अधिक आहे, असे मला वाटते.

१

या विचाराला मी ‘मूडल’मुळे प्रवृत्त झालो. अध्यापन-व्यवस्थापनाची ही संगणकप्रणाली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुजियामास यांनी घडवली आणि तिची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य व मुक्त असल्यामुळे आपल्याकडील अनेक महाविद्यालयांनी स्वीकारली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाल्यावर तर भाषा विभागांतील आमच्यासारख्या, फळा आणि खडू यांवर भिस्त ठेवणाऱ्या अध्यापकांनाही तिच्याशी परिचय करून घ्यावा लागला. अभ्यासाचे साहित्य ठेवणे, स्वाध्याय मागवणे, चाचण्या घेणे या गोष्टी तीत आहेतच. पण तिच्यातील मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटलेला भाग म्हणजे तिची गुणवही.

या गुणवहीत प्रत्येक विद्यार्थ्याला एक ओळ आणि प्रत्येक कामाला एक रकाना असतो. येथवर ती आपल्या फूलस्केप नोंदवहीसारखीच आहे. फरक शेवटच्या रकान्यात आहे. आपल्या नोंदवहीत शेवटी ‘एकूण’ असे लिहिलेले असे आणि त्याचा अर्थ कोणी विचारीत नसे. येथे मात्र ‘एकूण’ म्हणजे काय, हे आधी सांगावे लागते. सर्व गुणांची सरासरी घ्यावयाची, की प्रत्येक कामाला निराळे वजन देऊन घ्यावयाची? की शालेय गणितात ज्याला मध्यक म्हणतात तो, म्हणजे चढत्या क्रमातील मधला गुण घ्यावयाचा? की बहुलक, म्हणजे वारंवार मिळालेला गुण? की सर्वांत चांगला तेवढा धरावयाचा? की सर्वांत वाईट? सर्वांत कमी गुणांची एक किंवा अधिक कामे गाळावयाची का? एखाद्या कामाचे गुण अतिरिक्त श्रेय म्हणून वर मिळवावयाचे का? आणि जे काम आलेच नाही, त्याचा रकाना हिशेबात घ्यावयाचा की सोडावयाचा? एवढ्याने समाधान झाले नाही, तर बरोबरीचे चिन्ह लिहून अध्यापकाने स्वतःचे सूत्र रचावे, अशीही सोय आहे.

ही लवचीकता पाहून माझ्या एका सहकाऱ्यांनी, “म्हणजे हवे ते गुण काढण्याची सोय झाली,” असा शेरा मारला. शेरा विनोदाने मारला असला तरी त्यातील शंका खरी आहे. तिच्याकडे मी पुढे येईन. तूर्त एवढेच नोंदवतो की, हे सारे पर्याय नोंदवहीच्या काळातही होतेच. सरासरी काढणे हाही एक पर्याय होता. दुसरे पर्याय डोळ्यांसमोर नसल्यामुळे तो पर्याय वाटत नव्हता.

२

पर्याय बदलला की काय बदलते, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. हे आकडे मी मुद्दाम योजलेले आहेत. ते कोणा विद्यार्थ्याचे नाहीत. वीस-वीस गुणांचे पाच स्वाध्याय आहेत, असे समजू. पहिल्या विद्यार्थिनीला १४, १२, १५, १३ आणि ४ गुण मिळाले. दुसऱ्या विद्यार्थ्याने दोनच स्वाध्याय दिले आणि त्यांत १६ व १७ गुण मिळवले; उरलेले तीन रकाने रिकामे आहेत. तिसऱ्या विद्यार्थिनीला ११, १२, ११, १२ आणि १४ गुण मिळाले.

न दिलेल्या कामाला शून्य धरून साधी सरासरी काढली, तर तिसरी विद्यार्थिनी १२ गुणांनी पहिली येते, पहिली ११.६ वर राहते आणि दुसरा विद्यार्थी ६.६ वर, म्हणजे चाळीस टक्क्यांची अट असल्यास अनुत्तीर्ण. आता प्रत्येकाचे सर्वांत कमी गुणांचे एक काम गाळू. पहिल्या विद्यार्थिनीची सरासरी १३.५ होते आणि ती पहिली येते, तिसरी १२.२५ वर जाते. दुसरा विद्यार्थी ८.२५ मिळवून काठावर उत्तीर्ण होतो. आता गाळणे सोडून देऊ आणि फक्त रिकामे रकाने हिशेबाबाहेर ठेवू. त्या क्षणी दुसरा विद्यार्थी १६.५ गुणांनी वर्गात पहिला येतो.

कोणाच्याही उत्तरपत्रिकेतील एक अक्षर बदललेले नाही. एकाही स्वाध्यायाचा गुण वाढलेला वा घटलेला नाही. तरीही तिघांपैकी प्रत्येक जण एकेका रीतीने पहिला येतो, आणि एक जण अनुत्तीर्ण, काठावरचा उत्तीर्ण व सर्वप्रथम अशा तिन्ही अवस्थांतून जातो. यांतील कोणती बेरीज ‘बरोबर’ आहे, असे गणिताला विचारले, तर गणित म्हणेल, तिन्ही बरोबर आहेत. निवड करावयाची ती गणिताबाहेर. आपण पाच स्वाध्याय कशासाठी दिले होते? सातत्य पाहण्यासाठी, आकलनाची उंची पाहण्यासाठी, की एखाद्या वाईट आठवड्याची शिक्षा न देता सर्वसाधारण कुवत पाहण्यासाठी? या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज ‘एकूण’ हा रकाना भरता येत नाही. म्हणजेच ज्या ठिकाणी आपण स्वतःला कारकून समजत होतो, त्या ठिकाणीही आपण परीक्षकच होतो.

३

या सर्व पर्यायांत मला सर्वांत अवघड वाटलेला प्रश्न रिकाम्या रकान्याचा आहे.

आपल्या भाषेत ‘शून्य’ या शब्दाला दोन अर्थ चिकटलेले आहेत. शून्य म्हणजे एक संख्या, आणि शून्य म्हणजे रितेपण, अभाव. ‘शून्य नजर’ म्हणताना आपल्याला संख्या अभिप्रेत नसते. पण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) शून्याच्या आठ परिकर्मांचा स्वतंत्र विचार येतो, तेव्हा शून्य हे संख्यांच्या व्यवहारात भाग घेणारे, मिळवता-गुणता येणारे असते. आपल्या विद्यार्थ्यांनी हा भेद आपल्या परीने सोडवला आहे. शून्य गुण मिळाले की ते ‘भोपळा मिळाला’ म्हणतात. भोपळा मिळावा लागतो. त्यासाठी परीक्षेला बसावे लागते. जो परीक्षेला गेलाच नाही, त्याला भोपळाही मिळत नाही. शून्य हे परीक्षकाचे मत आहे. रिकामा रकाना म्हणजे मत देण्यासारखे काही समोर नाही, एवढेच.

संगणकाला हा भेद काटेकोरपणे कळतो. मूडलच्या गुणवहीत रिकामे रकाने वगळण्याची खूण बहुधा आरंभापासूनच केलेली असते. त्यामागे कारणही आहे. सत्राच्या मध्यावर दोनच कामे तपासून झाली असतील, तर उरलेल्या तीन कामांना शून्य धरून विद्यार्थ्याला त्याची एकूण दाखवणे हास्यास्पद होईल. शिवाय रकाना रिकामा असण्याचे कारण विद्यार्थीच असतो, असेही नाही. काम वेळेवर आलेले असते आणि अध्यापकाचेच तपासणे राहिलेले असते. रिकाम्या रकान्यात विद्यार्थ्याच्या आळसाइतकीच अध्यापकाची दिरंगाईही मावते. तेव्हा सत्र चालू असताना रिकाम्याला रिकामे ठेवणे योग्यच. प्रश्न उद्भवतो तो सत्र संपल्यावर.

विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक-आधारित निवडपद्धतीसाठी सुचवलेल्या दहा बिंदूंच्या श्रेणीतक्त्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यात अनुत्तीर्णासाठी ‘एफ’ आणि अनुपस्थितासाठी ‘एबी’ अशी दोन वेगळी अक्षरे आहेत. पण दोहोंपुढील श्रेणीबिंदू एकच, शून्य. अक्षरात भेद राखला आणि अंकात तो पुसला. भाषा जेथे दोन अनुभव पाहते, तेथे बेरीज एकच पाहते.

४

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो पदव्युत्तर वर्गाच्या अंतर्गत मूल्यमापनात. महाविद्यालयातील संगणक समितीने सर्व विषयांसाठी एकच मांडणी करून दिली होती आणि तीत रिकामे रकाने वगळण्याची खूण कायम होती. विद्यार्थ्यांना सत्रभर आपापली एकूण पडद्यावर दिसत होती. सत्राअखेर परीक्षा विभागाकडून जो तक्ता आला, त्यात मात्र रकाना रिकामा ठेवण्याची सोयच नव्हती. प्रत्येक चौकटीत अंक हवा होता. ज्यांनी काम दिले नव्हते, त्यांच्यापुढे शून्य लिहावे, अशी सूचना होती. म्हणजे विद्यार्थ्याने चार महिने पाहिलेला आकडा एक आणि निकालात जाणारा आकडा दुसरा.

वर्गात असे दोन विद्यार्थी होते, ज्यांचे तीन-तीन रकाने रिकामे होते. एक जण औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात रात्रपाळी करीत असे. पहिल्या दोन स्वाध्यायांनंतर पाळ्या बदलल्या आणि त्याचे लेखन थांबले. दुसऱ्याने पहिल्या दोन स्वाध्यायांत उत्तम गुण मिळवले, गुणवहीचा नियम नीट वाचला आणि ताडले की, आता काही न देण्यातच शहाणपण आहे. नवे काम दिले तर सरासरी खालीच येईल. त्याने नियम मोडला नव्हता. नियमाचे वाचन त्याने, मी म्हणेन, आमच्यापेक्षा बारकाईने केले होते. गुणवहीत मात्र दोघांच्या ओळी अगदी सारख्या दिसत होत्या: दोन अंक आणि तीन कोऱ्या चौकटी.

रात्रपाळी करणाऱ्या विद्यार्थ्याची एकूण टक्केवारी पंचावन्नाच्या आसपास होती. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या जीवनात पंचावन्न या आकड्याला काय महत्त्व आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे दार त्या आकड्याशी उघडते किंवा बंद होते. रिकामे रकाने वगळले, तर तो आत होता; शून्य धरले, तर बाहेर.

विभागाची बैठक बसली. आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “जे दिले नाही ते शून्य. यात चर्चा कसली? आम्ही तीस वर्षे हेच करीत आलो.” एक तरुण सहकारी म्हणाल्या, “सर, पण मुलांना आपण चार महिने दुसरा आकडा दाखवला. आता शेवटच्या दिवशी तो बदलला, तर ती आपल्यावर विश्वास कशी ठेवतील?” दोघांचे म्हणणे मला पटत होते आणि अडचण तीच होती. रात्रपाळीच्या विद्यार्थ्यासाठी एक नियम आणि हुशारीने थांबलेल्या विद्यार्थ्यासाठी दुसरा, अशी सूचनाही पुढे आली. तिला मी विरोध केला. एकाचे कारण आम्हांला ठाऊक होते, कारण तो ते बोलला होता. न बोलणाऱ्यांची कारणे आम्हांला ठाऊक नव्हती. सहानुभूती ही बहुधा ओळखीच्या दिशेने वाहते. नियम निदान अनोळखी माणसालाही लागू पडतो.

अखेरीस असे ठरले की, शून्य लिहावयाचे नाही आणि रिकामेही ठेवावयाचे नाही. ज्यांचे ज्यांचे रकाने रिकामे आहेत, त्या सर्वांना तक्ता पाठवण्याची मुदत संपण्यापूर्वी त्या-त्या घटकावर तोंडी परीक्षा देण्याची संधी द्यावयाची. जो येणार नाही, त्याच्यापुढे मात्र शून्य. हे सर्वांना लेखी कळवले. रात्रपाळीचा विद्यार्थी सकाळी पाळी सुटल्यावर थेट आला आणि डोळ्यांवरची झोप आवरीत ग्रामीण कादंबरीतील निवेदकाविषयी बोलला. बोलणे साधारण होते. गुणही साधारणच मिळाले. त्याची सरासरी उतरली, पण पंचावन्नाच्या वर राहिली. दुसरा विद्यार्थी नाराजीने आला. त्याचीही सरासरी उतरली. त्याने जाताना एक प्रश्न विचारला, “सर, हा नियम तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलात?” विभागाच्या वतीने मी एवढेच म्हणू शकलो की, पुढील वर्षी सांगितला जाईल. त्याचा प्रश्न मात्र या टिपणाचा खरा विषय आहे.

५

बेरजेच्या रीतीमागे मूल्यविचार असतो, हे समाजाला अगदीच अपरिचित आहे असे नाही. महाराष्ट्रात २०१० साली अकरावीच्या प्रवेशासाठी दहावीच्या सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरावेत की नाही, यावरून केवढे वादळ उठले होते, हे अनेकांना आठवत असेल. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे ते सूत्र मान्य झाले. ‘सर्वांत कमी गुणांचे एक गाळावे’ या गुणवहीतील छोट्याशा पर्यायावरच तो वाद होता. २०२१ मध्ये दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, तेव्हा नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक इत्यादींना २० असे वजन देऊन निकाल तयार झाला. भारित बेरजेचाच हा प्रकार. सूत्र बदलले की लाखो मुलांचे भवितव्य बदलते, हे पालकांना लगेच कळते. आपल्या वर्गातील तीस मुलांच्या बाबतीत ते आपल्याला कळत नाही, कारण तेथे सूत्र उच्चारले जात नाही.

आणि साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण स्वतः कोणती बेरीज करतो? ‘शिशिरागम’ (१९३९) आणि ‘काही कविता’ (१९४७) यांची सरासरी काढून मर्ढेकरांचे स्थान कोणी ठरवले नाही. ‘काही कविता’ने जे केले, त्यावरून ते ठरले; पूर्वीचा संग्रह त्या उंचीपर्यंतच्या वाटचालीचा पुरावा म्हणून वाचला गेला. कवीच्या बाबतीत आपण सर्वोत्तम धरतो आणि दुबळे ते गाळतो. त्याच कवीवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र आपण जुलैतल्या पहिल्या अडखळत्या स्वाध्यायाला नोव्हेंबरमधल्या प्रौढ निबंधाइतकेच वजन देतो. याचे समर्थन करता येईल. कवीला आपण पदवी देत नाही. विद्यार्थ्याला देतो, आणि पदवी ही सातत्याची हमी असते, असे म्हणता येईल. पण मग ते म्हटले पाहिजे.

सरासरीची एक मर्यादा कथनमीमांसेच्या अभ्यासकाला चटकन जाणवेल. एकीला ५, ९, १३, १७ असे गुण मिळाले आणि दुसऱ्याला १७, १३, ९, ५ असे. दोघांची सरासरी ११, दोघांचा मध्यक ११, दोघांचा उच्चांक १७ आणि नीचांक ५. एक चढत गेली, दुसरा उतरत गेला, आणि गुणवहीला दोघे सारखेच. सरासरीला कथानक नसते. घटनांचा क्रम पुसून टाकल्यावर जे उरते, ते ती सांगते. आपण ठरवले, तर पहिल्या कामाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ आणि चौथ्याला ४ असे वजन देऊ शकतो. मग पहिलीची सरासरी १३ होते आणि दुसऱ्याची ९. चढणे-उतरणे आकड्यात उमटते. साहित्याचे वाचन ही हळूहळू पिकणारी गोष्ट आहे, असे आपण वर्गात म्हणत असू, तर आपल्या बेरजेतही ते दिसायला हवे. ते गणितात बसवता येते, याची मला या गुणवहीने जाणीव करून दिली.

६

लवचीकतेचा दुसरा पैलू असा की, आपण निवड केली नाही तरी निवड होतेच. मूडलमध्ये २०१४ पासून जी एकत्रीकरणाची रीत मुळात ठेवलेली असते, तिचे इंग्रजी नाव ‘नॅचरल’, म्हणजे नैसर्गिक, असे आहे. त्या रीतीत प्रत्येक कामाची कमाल गुणसंख्या हेच त्याचे वजन ठरते. आता नव्या स्वाध्यायाची कमाल गुणसंख्या मुळात १०० अशी भरलेली असते. समजा, एका अध्यापकाने पुस्तक-परीक्षणासाठी विचारपूर्वक २० गुण ठेवले आणि व्याकरणाचा एक किरकोळ स्वाध्याय देताना तो शंभराचा आकडा तसाच राहू दिला. मग परीक्षणाचे वजन एकूणाच्या एक षष्ठांश होते आणि किरकोळ स्वाध्यायाचे पाच षष्ठांश. परीक्षणात १८ आणि व्याकरणात ५० मिळवणाऱ्याला सुमारे ५७ टक्के मिळतात. परीक्षणात १० आणि व्याकरणात ९० मिळवणाऱ्याला सुमारे ८३ टक्के. दोन्ही कामांना समान वजन दिले असते, तर दोघांनाही ७० टक्केच मिळाले असते. या फरकाला ‘नैसर्गिक’ म्हणणे आपल्यासारख्या, नैसर्गिक म्हणवणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागचा संकेत शोधायला शिकलेल्या लोकांना तरी पटू नये.

अक्षरश्रेणीचेही तसेच. या प्रणालीत मुळात जो अक्षरतक्ता असतो, त्यात ९३ च्या वर ‘ए’ आणि ६० ते ६७ च्या दरम्यान ‘डी’ असते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग. मराठीत साठ टक्के मिळाल्याचे पेढे वाटणारे घर आणि त्याच आकड्यापुढे ‘डी’ लिहिणारा तक्ता यांच्या मागे गुणदानाच्या दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. एकीत शंभर गुण हे माणसाला सहसा न गाठता येणारे क्षितिज आहे. दुसरीत शंभर हा आरंभबिंदू असून चुकीगणिक त्यातून वजाबाकी होते. तक्ता बदलता येतो. पण तो बदलण्याजोगा आहे, हे आधी दिसावे लागते.

७

आता सहकाऱ्यांच्या त्या शेऱ्याकडे येतो. एवढी लवचीकता म्हणजे मनमानीला मोकळे रान नव्हे काय? गुण आधी पाहावयाचे आणि मग हवी ती मुले वर येतील अशी रीत निवडावयाची, हे शक्य आहे. पण यावर उपाय लवचीकता काढून घेणे हा नव्हे. ताठर रीतही कोणीतरी, केव्हातरी, कोणाला तरी वर आणणारी म्हणूनच निवडलेली असते. फक्त निवडणारा दिसत नाही. उपाय काळाचा आहे. रीत पहिला गुण पडण्यापूर्वी ठरली पाहिजे आणि ज्यांना ती लागू होणार, त्यांना ती सांगितली गेली पाहिजे. त्यानंतर ती मनमानी राहत नाही. तो करार होतो.

अपवाद तरीही उरतात. आजारपण, मृत्यू, पूर, बदललेली पाळी. या गुणवहीत अध्यापकाला एखाद्या विद्यार्थ्याचा काढलेला गुण हाताने बदलता येतो. पण बदललेली चौकट निराळ्या रंगात दिसत राहते, शेजारी कारण लिहिता येते, आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद मागे राहते. आपल्या विद्यापीठांतील कृपागुणांची परंपरा मला येथे आठवते. कृपा हा शब्द तेथे अकारण आलेला नाही. पण ती कृपाही नियमाने बांधलेली असते आणि गुणपत्रिकेवर तिची खूण राहते. दया करावी, पण ती दिसावी, असा त्यातील शहाणपणाचा भाग आहे.

गेली काही वर्षे आमच्या विभागात सत्राच्या पहिल्या तासाला अभ्यासक्रमाबरोबर चार वाक्ये मराठीत लिहून दिली जातात. कोणत्या कामाला किती वजन आणि का. सर्वांत कमी गुणांचे एक काम गाळले जाईल. नंतरच्या कामांना अधिक वजन आहे. सत्र चालू असताना रिकामा रकाना रिकामाच राहील. सत्र संपल्यावर, तोंडी परीक्षेची संधी घेतली नाही तर, तो शून्य होईल. विद्यार्थी या वाक्यांवर वाद घालतात. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, गाळावयाचे काम तुम्ही का निवडता, आम्ही का नाही? कमी गुण मिळालेले काम आम्हांला प्रिय असू शकते. या प्रश्नावर अर्धा तास गेला आणि तो वाया गेला, असे मला वाटत नाही. मूल्यमापनाविषयी एरवी ग्रंथांतून शिकवायचे ते त्या अर्ध्या तासात वर्गानेच मांडले.

मराठीत ‘तरतम’ आणि ‘तारतम्य’ असे दोन शब्द एकाच मुळातून आले आहेत. तर आणि तम हे तुलनेचे प्रत्यय. अधिक आणि सर्वाधिक सांगणारे. त्यांपासून बनलेल्या ‘तरतमभावा’त आपण प्रतवारी पाहतो आणि ‘तारतम्या’त विवेक. कोण कोणाच्या वर, हे लावण्याचे काम संगणक क्षणार्धात आणि बिनचूक करतो. ते त्याच्याकडे सोपवण्यात कमीपणा नाही. वर म्हणजे कशाच्या वर, आणि जे आलेच नाही त्याला काय म्हणावयाचे, हे ठरवण्याचे काम मात्र त्याने आपल्यापुढेच ठेवले आहे; त्याच्या त्या साऱ्या पर्यायांचा अर्थ हाच आहे. ते काम सत्राच्या पहिल्या दिवशी करावयाचे, की शेवटच्या दिवशी तक्त्यातील कोऱ्या चौकटीसमोर बसून, एवढाच प्रश्न आता प्रत्येक विभागापुढे उरतो.